नकाशातल्या उसात निळा शर्ट

घाबरूनच मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. काटेवाडीच्या बाहेर, भरदुपारी, डोक्याच्या वर गेलेल्या उसाचा फोटो काढत होते… आणि आत वाळल्या पानांचं पाचट खसखसलं. बिबट्या! मी किंचाळले. उसातून बाहेर आला तो निळ्या शर्टातला एक तरुण. माझ्या ओरडण्यानं तोही आ वासून उभा, आणि त्याच दचक्यात माझं बोट दाबलं जाऊन तो फोटोत आला.

"काय ओ मॅडम, बिबट्या बी पळून जाईल की!"

तो दिग्विजय, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातला. ऊस मोजायला आला होता. मी सुप्रिया, लासुर्ण्याची. बारामतीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. कारखान्यासाठी आम्ही नोंदलेल्या उसाचा नकाशा करत होतो.

"पर फोटो कशाला उसाचा?"

"नकाशात प्रत्येक रानाचा आकार असतो ना, तो रंगानं नाही, चित्रानं भरायचा. फोटोचा एकच छोटा चौकोन फरशीसारखा शेजारी शेजारी बसवत जायचा… रान भरेपर्यंत. फक्त कडा जुळल्या पाहिजेत, नाहीतर सांधे दिसतात."

"मग कडा जुळवाया येऊ का मी?" तो हसला आणि माझं काळीज पुन्हा धडधडलं. या वेळी बिबट्या नव्हता.

मग तो आमच्या ऑफिसात येतच राहिला. कधी खोडव्याचा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचा फोटो घेऊन, कधी नुसताच. चहा पिताना मी दाराकडं तोंड करून बसायची. ओळखीचं कुणी आलं तर? लासुर्ण्यात बातमी माझ्याआधी पोचली असती. अप्पा, म्हणजे माझे वडील, कारखान्याचे जुने सभासद. त्यांचा राग गावाला माहीत. त्यात त्यांनी इंदापूरचं स्थळ आणलेलं, रविवारी पाहुणे बघायला येणार होते. मी घरी काही बोलले नव्हते. दिग्विजयही मला काही बोलत नव्हता… ओठांपर्यंत आणायचा आणि म्हणायचा, "च्या गार हुतोय, मॅडम."

धाडस मी एकच केलं. पहिल्या दिवशीच्या फोटोतून त्याला कापायला हवं होतं. नाही कापलं. फोटो बारीक करून चौकोन केला, तर कोपऱ्यात एक निळा ठिपका उरला. कुणाला कळणार होतं?

शुक्रवारी कारखान्याच्या सभागृहात नकाशा दाखवायचा होता. पहिल्या रांगेत अप्पा, भिंतीशी दिग्विजय. दिवे मालवले तेव्हा आमच्या मॅनेजर राजनंदिनीताई कुजबुजल्या, "पडद्यावर ऊस धूसर दिसत होता गं, म्हणून सकाळी तुझा मूळ मोठा फोटो घातला."

मी लॅपटॉपकडं झेपावले. "ताई, नको—"

"अप्पांचंच रान दाखवा की!" संचालक दादासो म्हणाले.

रान उघडलं. आठ ओळी, ओळीत बारा दिग्विजय. सगळे आ वासलेले. सभागृहात हशा पिकला.

"अप्पा, तुमच्या रानात ऊस कमी अन् पोरगंच जास्त उगावलंय!" दादासो म्हणाले.

अप्पा हसले नाहीत. "कुणी घातलं हे?"

"चूक झाली, लगेच बदलते…" ताईंची धांदल उडाली. तेवढ्यात दिग्विजय पुढं आला, चेहरा पांढराफटक. "अप्पा, चूक माजी हाय. मीच फोटोत आडवा आलो. मॅडमला काय बोलू नगा."

याची नोकरी जाणार! चूक म्हटलं की मी सुटत होते… आणि रविवारी पोह्यांची बशी घेऊन भलत्याच कुणापुढं जाणार होते. ही भीती अप्पांच्या भीतीहून मोठी निघाली.

मी उठले. "चूक न्हाय, अप्पा. मीच ठिवलाय त्याला त्यात. मला… मला त्यो आवडतो."

हशा थांबला. अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि दिग्विजयकडं वळले.

"आईबाप कुठं असत्यात?"

"भ-भवानीनगरला."

"हिला कधी इचारलंस?"

"न्हाय. तुमचं भ्या वाटायचं."

"अन् ती बग, एवढ्या लोकांत बोलली." अप्पा खाकरले. "रविवारी घिऊन ये त्यांस्नी. इंदापूरला मी फोन करतो. पर आदी त्यो पडदा बंद करा!"

पडदा विझला. त्या अंधारात दिग्विजय माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"सुप्रिया…" पहिल्यांदाच 'मॅडम' न म्हणता. "लगीन करशील माज्यासंगं?"

"आत्ता विचारतोस? सगळं झाल्यावर?"

"भ्या गेल्यावर इचारीन म्हणलं हुतं. पर ते काय जाईना."

"व्हय," मी म्हणाले.