थंड इंजिनाची ठकठक

सहदेव मालाडला गेला तो फक्त एक आवाज ऐकायला. दुसरं काही काम नव्हतं.

हसतोस काय, नंदू? फिटरच्या धंद्यात निम्मं काम कानांचं असतं. मी अंधेरीच्या गॅरेजमध्ये स्टोअर सांभाळायचो तेव्हा सहदेव आमचा हेड फिटर. मूळचा कणकवलीकडचा, पस्तिशीचा, बोलायला कमी. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला टेकवायचा आणि डोळे मिटायचा. मिनिटभरानं सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग गेलंय. इंजिन उघडलं की तिसऱ्याचंच निघायचं. असल्या माणसानं सांगितलेलं मी तरी खोटं मानत नाही. तुम्ही काय मानायचं ते तुम्ही ठरवा.

तो आवाज युस्टेसच्या गाडीचा. मालाडला मार्वे रस्त्यावर त्याचं घर होतं, घरात तो आणि त्याची आई इनेझबाय. धंदा मासळीचा. पहाटे होड्या मार्व्याला लागायच्या, तिथून माल उचलायचा आणि उजाडायच्या आत मालाडच्या बाजारात टाकायचा. त्यासाठी लष्कराच्या लिलावातली एक जुनी पिकअप त्यानं दुसऱ्या-तिसऱ्या हातानं घेतली होती. पुढे केबिन, मागे बंद पेटी. पेटी बाहेरून लोखंडी, आतून जस्ताचा पत्रा आणि मधे बूच ठासलेलं, बर्फ टिकावा म्हणून. दार एकच, मागच्या बाजूला. कडी बाहेरून.

युस्टेसची तक्रार साधी होती. पहाटे गाडी सुरू केली की इंजिन ठोकतं. ठक, ठक, ठक. पाच मिनिटं ठोकतं आणि गप्प होतं. मग दिवसभर काही नाही. तीनदा त्यानं गाडी अंधेरीला आणली, पण मालाडहून येईपर्यंत इंजिन तापलेलं. सहदेवला काही ऐकूच यायचं नाही.

आता थंड इंजिनात पिस्टन थोडा सैल असतो, तापून फुगला की नीट बसतो. तसं असेल तर काळजी नव्हती. पण बेअरिंग झिजलं असेल तर एक दिवस भर रस्त्यात इंजिन फुटणार आणि युस्टेसचा धंदा बसणार. सहदेव म्हणाला, रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहाटे पहिल्यांदा उठताना मला ऐकायला पाहिजे. मीच येतो.

चोपन्न साल. तेरा जानेवारी, बुधवार. दुसऱ्या दिवशी संक्रांत. गॅरेज सुटल्यावर सहदेव तसाच मालाडला गेला. बायकोनं तिळाचे लाडू दिले होते, ते इनेझबायला दिले. तिनं सुरमई केली होती. जेवून तो ओट्यावर बाजेवर झोपला. त्या वर्षी थंडी बरी होती, गोधडी लागली, असं म्हणाला.

सव्वाचारला युस्टेसनं उठवलं. गाडी घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये. इनेझबाय आत चूल पेटवत होती. युस्टेसनं हँडल मारलं. दोनदा फुसफुसलं, तिसऱ्यांदा इंजिनानं धरलं.

आणि ठोके सुरू झाले.

सहदेवनं बॉनेट उघडलं, पेचकस लावला, कान टेकवला. पहिला सिलिंडर, दुसरा, तिसरा... सहाही झाले. खालून तेलाच्या चेंबरला लावून बघितलं. त्याला आश्चर्य वाटलं. आवाज तर सगळ्या शेडमध्ये भरलेला, पण लोखंडात नव्हता. पेचकसातून इंजिन अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.

मग त्यानं दुसरी परीक्षा केली. प्लगची एकेक वायर काढायची. ज्या सिलिंडरचं बेअरिंग गेलंय त्याची वायर काढली की ठोका मवाळ होतो. त्यानं पहिली काढली, लावली. दुसरी काढली, लावली. असं सहाव्यापर्यंत. इंजिन लंगडं व्हायचं, धापा टाकायचं. ठोक्यात तसूभर फरक नाही. एकाच चालीनं... ठक... ठक... ठक.

त्यानं युस्टेसला इंजिन बंद करायला सांगितलं.

इंजिन थांबलं. युस्टेस केबिनमधून म्हणाला, बघ, बंद केलं की आवाजही बंद.

पण इंजिन थांबल्यावर सहदेवनं आणखी दोन ठोके ऐकले होते.

"मग तो पळाला का नाही, आजोबा?" अगं शुभा, फिटर कशाला पळेल? त्याला वाटलं, पेटीत काहीतरी सुटलंय. एखादी फळी, एखादा आकडा. इंजिन हादरलं की आपटत असेल. त्यानं परत हँडल मारायला लावलं. पुन्हा ठोके. या वेळी तो गाडीच्या कडेनं हात लावत मागे मागे गेला. केबिनशी आवाज बारीक. पेटीशी मोठा. दारापाशी सगळ्यात मोठा.

चला, सापडलं, असं त्याला वाटलं. पेचकस त्यानं मडगार्डवर ठेवला. युस्टेसला ओरडून सांगितलं, केबिनमध्येच बस, ॲक्सिलरेटरवर पाय ठेव, इंजिन एकसारखं चालू दे. मग कडी काढली, हातातली बॅटरी पेटवली आणि आत चढला.

तो आत चढला तसे ठोके थांबले.

पेटीत मासळीचा वास. ओली जमीन. बाकी काही नाही. ना फळी, ना आकडा. चारी बाजूंनी नुसता पत्रा. वाकून पुढच्या भिंतीपर्यंत गेला, बॅटरी फिरवून बघितली. आणि मागे दार लागलं. आपटून नाही... हळू. घरातलं माणूस लावतं तसं. पाठोपाठ कडी पडल्याचा आवाज.

त्यानं जाऊन दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला. नाही.

इंजिनाच्या हादऱ्यानं लागलं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. युस्टेसला हाक मारली. एकदा, दोनदा, मग घसा फाटेपर्यंत. बुचाच्या भिंती. आवाज त्याच्याच तोंडावर परत यायचा. तेवढ्यात घशात काहीतरी चरचरलं. बॅटरी खाली धरली तर जमिनीच्या सांध्यातून धूर वर येत होता. सायलेन्सर नेमका पेटीखाली फुटला होता. आणि पुढे इंजिन एकसारखं चालू होतं. त्यानंच सांगितलं होतं तसं.

मग त्यानं मूठ आवळली आणि दारावर मारायला सुरुवात केली. ठक. ठक. ठक.

उत्तर नाही. तो पुढच्या भिंतीपाशी सरकला. तिच्यापलीकडे हातभरावर युस्टेस बसला होता. तिथं ठोकलं. दोन्ही मुठींनी.

हाक आता फुटत नव्हती; पत्र्याला कान लावला तर पलीकडून युस्टेसचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"आला बघ. तोच आवाज, सहदेव. नीट ऐकून घे."

...

कळलं ना? ती ठकठक युस्टेस वर्षभर रोज ऐकत होता. पाच मिनिटं ठोकतं, मग थांबतं. तो स्वस्थ बसला होता. ती थांबायची वाट बघत.

सहदेवनं मला नंतर सांगितलं, त्या क्षणी त्याच्या डोक्यात उजेड पडला. पाचच मिनिटं का, ते कळलं. या धुरात माणूस तेवढीच ठोकू शकतो.

त्यानं हात थांबवले नाहीत. बसून ठोकलं. बॅटरी पडली, विझली. काळोख. डोकं जड... कानात घंटा. बायकोचं नाव घेतलं. हात उचलेनात. पुढच्या भिंतीला पाठ लावून तो खाली घसरला. दोन्ही हात मांडीवर पडले.

ठोके मात्र चालूच होते.

पेटीच्या दुसऱ्या टोकाला. दारापाशी. काळोखात... कुणीतरी...

त्यापुढचं त्याला आठवत नाही.

पुढचं इनेझबायनं सांगितलं. तिला त्या ठकठकीची सवय झाली होती. गाडी सुरू झाली की ती चहाचं आधण ठेवायची आणि ठकठक थांबली की उतरवायची, म्हणजे पोरगा निघायच्या आत चहा तयार. त्या दिवशी आधण उकळून चुलीत सांडलं तरी आवाज थांबेना. ती बाहेर आली. युस्टेसला विचारलं, फिटर कुठे? तो म्हणाला, असेल खाली, बघतोय. तिनं खाली वाकून बघितलं. कुणी नाही.

ती मागे गेली. आवाज दारातून येत होता. तिनं दारावर उजवा हात ठेवला. आतून ठोका आला तो थेट तळहाताखाली. पुन्हा. पुन्हा. तिनं देवाच्या आईचं नाव घेतलं आणि डाव्या हातानं कडी ओढली.

दारापाशी कुणी नव्हतं. धुराचा लोट बाहेर आला. सहदेव पार पुढच्या भिंतीशी पडलेला, तोंड काळंनिळं, हात मांडीवर.

"युस्टेस, आधी इंजिन बंद कर," एवढंच ती बोलली. मग दोघांनी त्याला ओढून बाहेर काढलं. अंगणात तो ओकला, तासाभरानं बोलायला लागला. वाचला. दोन दिवस डोकं धरून पडून होता.

त्यानंतर त्या गाडीत ठकठक कधी आली नाही. युस्टेसनं ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला शोधलं, तो भेटला नाही. लिलावाच्या कागदात नंबर आणि तारीख, बाकी काही नाही. आठवड्यात त्यानं पेटी काढून भंगारात दिली.

त्याआधी, शनिवारी, मी आणि सहदेव हत्यारं आणायला मालाडला गेलो होतो. तेव्हा पेटी मी डोळ्यांनी बघितली. दाराला आतून पोचा नाही, ओरखडा नाही. सहदेवनं एवढं ठोकलेलं, त्याचीसुद्धा खूण नाही. मी मनात म्हटलं, धुरानं भ्रम झाला असेल बिचाऱ्याला.

इनेझबायनं चहा आणला. कप देताना तिचा हात दिसला. मी विचारलं, बाय, भाजलं काय? तिनं उजवा तळवा माझ्यापुढे उघडला.

चार डाग होते. निळे. एका ओळीत, आवळलेल्या मुठीची पेरं उमटावीत तसे.

मधे लोखंड, वीतभर बूच आणि जस्ताचा पत्रा होता...

सहदेवनं मूठ आवळली आणि हलकेच त्या डागांवर टेकवली.

त्याची मूठ मोठी पडली. खूपच मोठी.