गाडी नंबर सतराची मागची सीट

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझी काही हरकत नाही. ऐकताना मीसुद्धा आधी हसलेच होते.

आणि अमावास्या, वडाचं झाड, रातकिडे असलं काही शोधत असाल तर तुमची निराशा होईल. हे सगळं भर दुपारी घडलं. अमरावतीत, राजापेठच्या एका ऑफिसात, कूलर घरघरत असताना.

वेळ मात्र ठरलेली.

दुपारचे दोन चाळीस…

साधना माझी मावसबहीण. वय एकतीस. तिचा भुतांवर विश्वास माझ्या स्वयंपाकावर आहे तेवढाच, म्हणजे अजिबात नाही. ती ‘फिरस्ती’ नावाच्या कंपनीत नोकरीला होती. तीन वर्षांपूर्वी अमरावतीत या कंपनीच्या छोट्या पांढऱ्या गाड्या दिसू लागल्या. ड्रायव्हर नाही, स्टँड नाही. फोनवरून गाडी उघडायची, हवी तितकी चालवायची आणि शहराच्या हद्दीत कुठेही उभी करून निघून जायचं. तिथून ती दुसरा कोणी उचलणार.

लोकांनी सुरुवातीला भरपूर टर उडवली. ‘बेवारस गाड्या’ असंच नाव पाडलं होतं. पण वर्षभरात त्याच बेवारस गाड्यांतून लोक दवाखान्यात जाऊ लागले, मुली बघायला जाऊ लागले. एक नवरदेवही गेला. कंपनी फुगत गेली. मग गेल्या वर्षी मे महिन्यात तिनं अकोल्याची ‘घे-जाय’ नावाची छोटी कंपनी गिळून टाकली. बावीस गाड्यांसकट.

साधनाचं काम पडद्यासमोर बसायचं. भिंतीवर मोठा नकाशा, नकाशावर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक गाडी. ती अमरावतीत बसून अकोल्याची गाडी उघडू शकायची, बंद करू शकायची. आणि तिनं बंद केलेली गाडी आतूनही उघडत नसे. काचही खाली होत नसे. चोरी होऊ नये म्हणून केलेली सोय होती ती.

सोय…

त्या मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी बावीस गाड्यांचा ताबा घ्यायचा होता. अकोल्यात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या एकदम बंद करायच्या, पडद्यावर आधीच भरलेले नवे नंबर त्यांच्यावर चिकटवायचे आणि तासाभरानं पुन्हा सुरू करायच्या. साहेबांनी पेढे आणले होते. बटण दाबायचा मान साधनाचा. साहेबांनी स्वतः तिचा फोटो काढला. हात माउसवर, चेहरा हसरा, मागे पडदा.

दाबताना पडद्यानं एका गाडीबद्दल काहीतरी विचारलं. तिनं ‘हो’ म्हटलं.

असं तो पडदा दिवसातून दहा वेळा विचारायचा. सीटखाली एक चकती असते, वजन पडलं की पडद्यावर दिवा लागतो. आपल्याकडचे लोक मागच्या सीटवर वांग्याचं पोतं ठेवतील, गॅसचं सिलिंडर ठेवतील, त्या चकतीला काय कळणार? ऑफिसात सगळ्यांनाच न वाचता ‘हो’ म्हणायची सवय लागली होती.

साधना फोटो पाहून खूश झाली. तिनं तो स्टेटसला ठेवला, मग डीपीलाच लावला. मीही त्यावर अंगठा दाखवला होता.

पाच महिने काही नाही.

ऑक्टोबरमध्ये अकोल्याच्या काही गाड्या अमरावतीत आणल्या. त्यांतली एक नंबर सतरा.

पहिल्याच दिवशी, जेवण आटोपून साधना जागेवर येऊन बसली आणि पडद्यावर दिवा लागला.

‘गाडी १७. बंद. मागची सीट भरलेली.’

गाडी गाडगेनगरात कुलूपबंद उभी होती. सकाळपासून कोणी उघडलेली नव्हती. तिनं शाकीबला पाठवलं. शाकीब अकोल्याचा. घे-जायमध्ये गाड्या धुणं, हलवणं, दुरुस्त करणं हे सगळं तोच करायचा, आणि गाड्यांबरोबर तोही इकडे आला होता.

“ताई, कोनी नाई,” तो फोनवर म्हणाला. “सीट रिकामी हाय.”

“नीट पाह्य. एखादी पिशवी असन.”

“अल्ला कसम, कायीच नाई. पन…”

“पन काय?”

“मागची काच आतून पुसल्यासारखी दिसते. बोटं फिरवल्यासारखी.”

दोन पन्नासला दिवा आपोआप गेला. साधनानं घड्याळ पाहिलं आणि विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी कॅम्प भागात होती. दोन चाळीस… दिवा.

तिसऱ्या दिवशी बडनेरा रोडवर.

दोन चाळीस…

शाकीबनं चकती बदलली. दिवा लागलाच. त्यानं चकती काढूनच टाकली. तरी लागला. शेवटी वैतागून त्यानं ती अख्खी मागची सीट उपटली आणि ऑफिसात आणून भिंतीला लावून ठेवली. गाडी खाली अंगणात उभी केली.

“आता पाहू कोन बसते तं,” तो हसत म्हणाला.

साधनाही हसली. दोघं पडद्यासमोर थांबले.

दोन एकोणचाळीस.

दोन चाळीस…

‘गाडी १७. बंद. मागची सीट भरलेली.’

शाकीबचं हसू गेलं. तो पडद्याकडे पाहत नव्हता. तो साधनाच्या पाठीमागे पाहत होता.

तिनं मान वळवली.

भिंतीला लावलेल्या सीटचं रेक्झिन… हळूहळू… दबत होतं. एका बाजूला. कोणीतरी जपून, गुडघ्यावर हात टेकून बसावं तसं.

मोगऱ्याचा वास आला. ताज्या फुलांचा नाही. उन्हात करपलेल्या फुलांचा.

आणि साधनाच्या कानातलं फोनचं यंत्र वाजलं. प्रत्येक गाडीत मदतीचं एक बटण असतं, ते दाबलं की आवाज थेट ऑफिसात येतो. सतरा नंबरमधून बटण दाबलं गेलं होतं. बंद, रिकाम्या गाडीतून.

आधी नुसता श्वास. जड. तुटक.

मग काचेवर बांगड्या आपटल्याचा आवाज.

टक…

टक…

टक…

“उघड नं वं माय…”

साधनानं यंत्र कानातून ओढून फेकलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं झटकन बटण दाबून खाली अंगणातली गाडी उघडली. चारही दारं. त्याच क्षणी रेक्झिन वर आलं. दिवा गेला.

शाकीब खाली गेला. अर्ध्या तासानं आला तेव्हा त्याच्या नखांत स्टिकरचा चिकटा होता.

“ताई, सतराचं स्टिकर खरवडून पाह्यलं. खाली सहा हाय. अकोल्याची सहा नंबर. मागची डावी काचबी नवी टाकली हाय, बाकी तीन जुन्याच.”

“मंग?”

“सहा नंबरमधे एक बाई मेली होती, ताई. साहेबांनी आमाले तोंड उघडू नका म्हनलं होतं. नंबर बदलले, मले कळलंच नाई का थे हेच गाडी हाय.”

बाईचं नाव मनकर्णाबाई. पातूरजवळ तिची फुलबाग होती. मोगरा, शेवंती, झेंडू. रोज भाच्याबरोबर अकोल्याच्या बाजारात फुलं आणायची. त्या दिवशी तिला भोवळ आली. भाच्यानं, सहदेवनं, समोर दिसलेली घे-जायची गाडी उघडली, तिला मागच्या सीटवर बसवलं आणि डॉक्टरकडे नेलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यानं गाडीचा एसी चालू ठेवला, टोपलीतला मोगरा तिच्या मांडीवर ठेवला आणि नंबर लावायला आत गेला. आत गर्दी. तासभर गेला.

तो बाहेर आला तेव्हा गाडी कुलूपबंद होती, एसीही बंद. फोननं उघडेना. कंपनीचा फोन कोणी उचलेना. त्यानं विटेनं काच फोडली…

तोवर उशीर झाला होता.

“कंपनीनं पोलिसाईले सांगतलं का भाच्यानंच फोनवरून गाडी बंद केली,” शाकीब म्हणाला. “थो बिचारा कोर्टाच्या चकरा मारून राहिला. गाववाले म्हनतात, फुलबागेसाठी मावशीले मारलं.”

साधनाला ती बातमी आठवली. पेपरात वाचली होती तिनं, कंपनीचं नाव नसलेली. ‘काय एकेक लोक असतात’ म्हणून पानही उलटलं होतं.

“कोनता दिवस होता, शाकीब?”

“ताब्याचाच दिवस नं, ताई. तुमी पेढे वाटले थोच.”

तिनं फोनमधला स्वतःचा तो फोटो उघडला. मोठा केला. स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्याच्या बाजूनं पडदा दिसत होता. कोपऱ्यात वेळ. दोन चाळीस. आणि खाली एक ओळ, पाच महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली, कोणीच न वाचलेली…

‘गाडी १७. मागची सीट भरलेली. तरी बंद करायची?’

ती फोटो घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी तो शांतपणे पाहिला.

“साधना, त्या दिवसाच्या नोंदी आता कुठेच नाहीत. जुन्या कंपनीबरोबर गेल्या. हा एक फोटो आहे, आणि त्यात बटणावर बोट कोणाचं आहे ते तूच बघ. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?”

खोटं सांगत नाही, ती आठ दिवस गप्प बसली. नोकरी जाईल, पोलीस येतील, लोक तोंडावर बोलतील. आठही दिवस ती दोन चाळीसला सतरा नंबरची दारं उघडायची आणि दहा मिनिटं उघडी ठेवायची. तेवढं केलं की कानातल्या यंत्रातला तो जड श्वास थांबायचा.

नवव्या दिवशी साहेबांनी सतरा नंबरचं कनेक्शनच तोडलं. गाडी विकायला काढली.

दोन चाळीसला पडद्यावर दिवा लागला नाही.

साधनाच्या डोळ्यांसमोरच्या बंद खिडकीची काच वाजली. आतून…

टक…

त्याच संध्याकाळी ती अकोल्याच्या एसटीत बसली, रात्र तिथल्या स्टँडवर काढली, आणि सकाळी पातूरला पोचली.

सहदेव शेवंती तोडत होता. चाळिशीचा असेल, पण खांदे म्हाताऱ्यासारखे पडलेले. तिनं सगळं सांगितलं. एक शब्दही लपवला नाही. फोटो त्याच्या हातात दिला.

“ताई, एवढे लोकं बोलले का मले सोतालेच वाटाले लागलं होतं,” तो म्हणाला. “का माह्याच हातून फोन दाबल्या गेला असन म्हनून. रात रात आठवत राहतो, दाबला का नाई, दाबला का नाई…”

त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं फोटोवर बोट ठेवलं.

“ह्याच्यात तुमी हसून राहिल्या.”

“हो,” साधना म्हणाली.



तिनं पोलिसांत जबाब दिला. फोटो वकिलाकडे दिला. नोकरी दुसऱ्या दिवशीच गेली. प्रकरण अजून चालू आहे, पण पातुरात आता सहदेवला कोणी खुनी म्हणत नाही. म्हणतात ते साधनाला. फिरस्ती जोरात आहे. आता म्हणे चांदूर रेल्वेलाही गाड्या सुरू होणार आहेत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. बाईची तक्रार ऐकली गेली, भाचा सुटल्यात जमा. आमच्या आईनं तर सुटकेचा निःश्वास टाकून नारळही फोडला.

या मे महिन्यात मी साधनाकडे गेले होते. जेवणं झाली, पोटभर गप्पा झाल्या. बाहेर पंचेचाळीसचा पारा, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. बोलता बोलता ती मध्येच उठली आणि तिनं पुढचं दार सताड उघडलं. गरम झळ आत आली. ती दाराच्या बाजूला सरकून उभी राहिली, पाहुण्याला वाट द्यावी तशी.

मी घड्याळ पाहिलं. दोन चाळीस…

कोणी आलं नाही. काही दिसलं नाही. फक्त करपलेल्या मोगऱ्याचा वास… आला आणि गेला.

दहा मिनिटांनी तिनं दार नुसतं लोटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी चार रिकामी भोकं होती. मी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराला नाही, न्हाणीघराच्या दाराला नाही. घरातल्या सगळ्या कड्या तिनं काढून टाकल्या होत्या.

“साधना, तू तं सगळं सांगतलं नं आता,” मी म्हटलं. “मंग अजून काहून?”

ती पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसलं.

“सांगतलं. तरी रोज येते थे दारापाशी. दार उघडलं का थे जाते. पन बाई…”

ती दाराकडे पाहत होती.

“…थे बाहेरून आत येऊन राहिली का आतून बाहेर जाऊन राहिली, थेच मले समजत नाई.”

मी रात्री मुक्कामाला थांबणार होते. थांबले नाही.