धोंडिरामची नळी

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत खाली पापडांचा कारखाना, वर आमची लॅब. त्यांच्याकडे काही उगवलं तर ते घाबरतात, आमच्याकडे नाही उगवलं तर आम्ही.

आम्ही जंतूंची वंशावळ काढतो. एका हॉस्पिटलच्या आयसीयूत कुठल्याच औषधाला न जुमानणारा जंतू शिरला होता. प्रत्येक पेशंटच्या जंतूचा डीएनए वाचायचा, कोणाचा कोणापासून आला ते जुळवायचं आणि मुळाशीच त्याला अडवायचं. घाई मलाच जास्त होती. हृदयाच्या ऑपरेशननंतर माझी आई त्याच आयसीयूत होती. तिला अजून लागण नव्हती.

नमुन्यांसोबत आम्ही एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची लावतो. तिच्यात काही सापडलं, तर घाण आपलीच. त्या नळीवर 'कोरी' लिहायचं असतं. मी 'धोंडिराम' लिहायचो. वर्षभर धोंडिराम ठणठणीत होता.

सोमवारी त्याच्यात तोच जंतू सापडला.

"हात धुतोस का रे कधी?" अक्षता म्हणाली. ती शेजारच्या टेबलावर बसते, पण कायम माझ्या डोक्यावर.

नवं पाणी, नवे हातमोजे आणि या वेळी सगळं अक्षताच्या हातचं. पुन्हा तेच.

मग तिने वंशावळ स्क्रीनवर मांडली. जंतू पसरतो तसे त्याच्यात बारीक बदल साचत जातात. घाण आमची असती, तर धोंडिराम एखाद्या पेशंटची नक्कल निघाला असता. पण त्याच्यात एकही बदल नव्हता. तो बुंध्याशी होता. सगळे पेशंट त्याच्यापासून फुटले होते.

"पाण्यापासून?"

"तुझ्या धोंडिरामपासून." ती हसली नाही. मीही नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

तिने नखाने नळीवरचं नाव खरवडून टाकलं. "आईला तिथून हलव. आत्ता!"

मी आयसीयूत फोन लावला. सिस्टरने तो आईच्या कानाशी धरला.

"बरी आसंय रे झिला. घसा सुकला होता. बाजूच्या खाटेवरच्या माणसानं पाणी पाजलं."

"कोणी? नाव काय त्याचं?"

"विचारलं मी. म्हणाला, होतं. आत्ताच कुणीतरी खरवडून काढलं."

मी नळी उजेडात धरली.

झाकण घट्ट होतं.

आत पाणी नव्हतं.