साडेतीन शेपटांचा दोर

"पुन्हा पाण्याच्या टाकीकडचीच बाजू!" खडू ओरडला आणि प्रेक्षकांच्या पायरीवरून टुणकन खाली उतरला. "बघितलंत? टाकीकडे जो संघ उभा राहतो तोच जिंकतो!"

"मग काय झालं? आपलाच संघ जिंकला ना!" भिंगरी म्हणाली खरी, पण खडूकडे न बघताच.

भिंगरीची आई रस्सीखेच क्लबच्या महिला संघातली शेवटची गडी. दोराचं टोक अंगाभोवती घेऊन पाय रोवायचे, हे तिचं काम. मामा प्रशिक्षक. सुट्टी लागली की क्लबच्या बसमध्ये मागच्या बाकावर तीन पार्सलं ठरलेली: भिंगरी, मामाचा मुलगा खडू आणि भिंगरीचा धाकटा भाऊ शेपूट. मैदानामागून मैदानं पालथी घालत हंगाम संपत आला होता. आज शेवटची स्पर्धा, चार संघ. आईचा संघ उपांत्य सामना जिंकला होता आणि दुपारी अंतिम सामना होता.

"अगं, प्रत्येक डावानंतर संघ बाजू बदलतात," खडू हातवारे करत म्हणाला. "दोराची टोकं मात्र जिकडची तिकडेच राहतात. दोन्ही सामन्यांत पहिले दोन डाव एकेकाने जिंकले, आणि तिसरा डाव नाणेफेक जिंकून टाकीची बाजू घेणाऱ्यांचा! हा काय योगायोग आहे?"

"जमीन उतरती असेल!" शेपूट म्हणाला.

लगेच बाटलीतलं पाणी ओतून झालं. पाणी ढिम्म हललं नाही. मग भिंगरी म्हणाली, वारा असेल. रुमाल उंच धरला, तोही लोंबतच राहिला. ती एकामागून एक शंका काढत होती. खऱ्या गोष्टीपासून सगळे जितके लांब जातील तितकं तिला हवं होतं.

कारण खरी गोष्ट तिला ठाऊक होती. काल संध्याकाळी बस मैदानावर पोचली तेव्हा दोरवाले काका सामानाची खोली उघडी टाकून चहाला गेले होते. आत स्पर्धेचा दोर! भिंगरीने तो तुळईवरून टाकून झोका केला आणि शेपटाला वर बसवलं. तो घसरला तो दोरावरची पांढरी पट्टी हातात घेऊनच खाली आला.

दोराच्या मधोमध लाल पट्टी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर एकेक पांढरी. लाल पट्टी जमिनीवरच्या रेषेवर धरून डाव सुरू होतो. ज्या बाजूची पांढरी पट्टी रेषेपर्यंत खेचली जाते, ती बाजू हरते. भिंगरीने पट्टी अंदाजाने चिकटवली होती. एवढंसं इकडेतिकडे झालं तर कोणाला कळतंय! शेपटाला तिने शपथ घातली आणि जेवून गाढ झोपली. आज मात्र दर डावाला टाकीकडचीच बाजू जिंकताना पाहून तिला सगळं कळून चुकलं होतं.

पायऱ्यांच्या टोकाला आईच्या संघाकडून हरलेल्या संघाची शेवटची गडी बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. केस पिकलेल्या त्या मावशींनी भिंगरीला हाक मारली.

"तू त्या संघातली ना गं? हे मलम आईच्या हाताला लाव. माझ्यापेक्षा तिचेच हात जास्त सोलवटलेत. मला आता काय करायचंय? माझा हा शेवटचा हंगाम."

भिंगरीने डबी घेतली. ती मान खाली घालून वळली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

ती परत आली तर खडू उड्या मारत होता. "सापडला चोर! दोरवाले काका! दोर त्यांच्याच ताब्यात असतो. त्यांनीच काहीतरी गडबड केलीय! चला, सगळ्यांसमोर पकडून देऊ!"

"काकांनी नाही," भिंगरी म्हणाली. "मी केलंय."

सगळं सांगून होईपर्यंत तिला रडू फुटलं. खडूने रिकामी बाटली खाली आपटली.

"म्हणजे मी पाणी ओतत होतो आणि तू शहाण्यासारखी रुमाल धरून उभी होतीस?"

"माझी शपथ सुटली ना आता?" शेपटाने हळूच विचारलं.

"अंतिम सामना सुरू व्हायच्या आत सांगायलाच हवं," भिंगरी डोळे पुसत म्हणाली. "आई हरली तरी."

तिघं धावत काकांकडे गेली. "काका, दोराची पट्टी चुकलीय! मोजा ना!"

"सकाळीच मोजलाय मी! पळा, लुडबुड नको!" काका खेकसले. त्यांच्या कमरेला मोजायची टेप लटकत होती. तिच्यावरचं प्लॅस्टिकचं वेष्टणही अजून निघालेलं नव्हतं!

खडूने ते पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. "शेपट्या, मैदानात आडवा हो!"

दोर रेषेवर ताणून ठेवलेला होता. शेपूट लाल पट्टीशी टाचा टेकवून ताठ झोपला. खडूने डोक्यापाशी खूण केली. शेपूट उठला, खुणेवर टाचा ठेवून पुन्हा झोपला!

"एक शेपूट! दोन शेपटं!" खडू घसा फोडून मोजत होता. प्रेक्षक खो खो हसायला लागले. काका शिट्टी फुंकत धावले, पण त्यांच्याआधी मुख्य पंच बाई पोचल्या.

"टाकीकडच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत साडेतीन शेपटं! आणि फाटकाकडे..." खडूने दुसऱ्या बाजूची शेवटची खूण केली. "पुरती तीनसुद्धा नाहीत!"

हसणं थांबलं. पंच बाईंनी काकांच्या कमरेची टेप काढली, वेष्टण फाडलं आणि स्वतः दोर मोजला.

"हे कोणी केलं?"

भिंगरी पुढे झाली. समोर आई उभी होती. "मी," ती म्हणाली. "झोका केला होता. पट्टी निघाली, ती मीच चुकीची लावली. आणि सकाळपासून गप्प बसले."

आई वळली आणि बुटांच्या नाड्या आवळायला लागली. ओरडली असती तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

पट्ट्या मोजून लावल्या गेल्या. दोन्ही उपांत्य सामने पुन्हा झाले. आईच्या सामन्यात तिसऱ्या डावात तिच्या टाचांनी मातीत चर पाडला, तरी तिच्या बाजूची पांढरी पट्टी इंचाइंचाने सरकत रेषेवर आली. पिकल्या केसांच्या मावशींनी लहान मुलीसारखी उडी मारली आणि पुढे अंतिम सामनाही जिंकला.

बक्षीस देताना पंच बाई माईकवर म्हणाल्या, "आम्हा मोठ्यांच्या डोळ्यांवर झापडं होती. या मुलांनी ती काढली. आणि चूक कबूल करणाऱ्या मुलीला शाबासकी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. काकासुद्धा कान पकडून हसले. मामाने भिंगरीच्या डोक्यावर टपली मारली. "पुढच्या हंगामात दर सामन्याआधी दोर तूच मोजायचास. टेपने हं, शेपटाने नाही!"

सगळे हसले. भिंगरीला हसू येईना. बसमध्ये ती आईशेजारी बसली आणि मलमाची डबी उघडली. आईचा तळवा लालभडक झाला होता.

"आई, माझ्यामुळे हरलात तुम्ही."

"छे गं! हरलो ते आमचे आम्ही," आई म्हणाली. "तुझ्यामुळे जिंकलो होतो सकाळी. तेच मला आवडलं नाही."

भिंगरीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. आईने मलम लावलेल्या हाताने तिला जवळ ओढलं आणि दुसरा हात पुढे केला.

"लाव आता यालाही. हळू, झोंबतंय."