फेरखरची शपथ

फेरखर किल्ल्यावरून परतला, तेव्हा मार्सली गाईची धार काढत होती. सकाळीच खोऱ्यातले सगळे पुरुष लाल कोटवाल्या शिपायांपुढे शपथ घ्यायला गेले होते. बंड फसल्यापासून राजाचा कायदाच तसा होता. तलवार, बंदूक, सुरी, असेल ते आणून टाका आणि वर शपथ घ्या. शपथ तरी कसली मेली! 'घरात हत्यार लपवलं असेल, तर बायकापोरं पुन्हा माझ्या दृष्टीस पडू नयेत.' माणसाकडून असलं अभद्र वदवून घेणाऱ्यांच्या जिभा झडोत!

आणि इकडे फेरखरच्या बापाची तलवार घरच्याच छपरात, गवतात खोचलेली.

"आलास?" मार्सलीनं विचारलं.

तो तिच्या शेजारून गेला. गाईच्या पाठीवर हात ठेवून इकडेतिकडे बघू लागला. "मार्सली? अगं, कुठं आहेस?"

"डोळे फुटले का तुझे? ही काय, समोर!"

तो आत गेला, बाहेर आला. तीन वर्षांची उना "बाबा" म्हणत पायाला बिलगली, तर गार वारा लागावा तसा शहारला.

संध्याकाळी शेजारचा लाखलन आला. "बायको समोर उभी आहे की रे! किल्ल्यावर जास्त पाजली वाटतं?"

"थट्टा नको, लाखलन... कुठं गेल्या दोघी?"

लाखलनचं हसू मावळलं. पाय न वाजवता तो निघून गेला.

आठ दिवस असेच गेले. फेरखर दाराशी बसून डोंगरवाटेकडे बघायचा आणि मार्सली त्याच्या शेजारी बसून त्याच्याकडे. नवरा हाताच्या अंतरावर, तरी तिला त्याची सारखी आठवण यायची. तो लढाईवर गेला होता, तेव्हासुद्धा ती इतकी झुरली नव्हती.

नवव्या दिवशी तिनं छपरातली तलवार ओढून काढली आणि तळ्यात भिरकावली. पाण्याचा आवाज झालाच नाही. ती धावत घरी आली.

फेरखर दारात उभा होता. थेट तिच्याकडे बघत.

"कुठं होतीस गं इतके दिवस..."

ती त्याच्या गळ्यात पडून पोटभर रडली. तोच धुराचा, घामाचा वास. किती दिवसांनी!

"आणि उना कुठंय?" त्यानं विचारलं.

उना त्याचंच बोट धरून उभी होती.

मार्सलीनं त्याचा दुसरा हात घट्ट धरला. "फेरखर... आणखी काय लपवलंयस?"

"काही नाही."

"तुझ्या धाकट्या भावाची सुरी दिलीस ना?"

भाऊ लढाईत पडला, त्याचं प्रेतही हाती लागलं नव्हतं. मागे उरली होती ती एवढी सुरी.

"दिली की," तो खाली बघत म्हणाला. "तुझी शपथ."

त्यानं मान वर केली आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे, वाटेकडे बघू लागला. "मार्सली? अगं, आत्ता तर..."

त्याचा हात अजून तिच्या हातात होता. ती ओरडली, "उना, सांग गं बाबाला! सांग, आई इथंच आहे!"

उनानं दारात पाहिलं, अंगणात पाहिलं. मग ओठ काढून ती बाबाला विचारू लागली, "आई कुठं गेली?"