माणसं नकोत, बाग हवी

"जरा उठाल का? तुम्ही फोटोत येताय."

त्या दिवसातलं तिचं हे पहिलं वाक्य होतं, आणि तोवर दुपार कलायला लागली होती. एकट्या राहणाऱ्यांचं असंच होतं, आवाज वापरायचा राहूनच जातो.

बाकावरचा माणूस डबा सावरत घाईनं उठला. शेजारच्या मोठ्या ग्रंथालयात तो बाइंडर होता. बोटांवर खळ वाळलेली होती. ती फोटोवाली. ग्रंथालयाच्या कार्यालयानं तिला या बागेचे फोटो काढायला सांगितले होते आणि वर बजावलं होतं, बाग हवी, माणसं नकोत.

भर शहरातल्या बागेत माणसं नकोत म्हणजे समुद्रात पाणी नको म्हटल्यासारखंच! पण तिच्याकडे युक्ती होती. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. चालती माणसं फोटोत उमटतच नाहीत, बसून राहील तोच उमटतो. हे तिनं समजावल्यावर त्यानं गंभीरपणे विचारलं, की मग जेवताना येरझाऱ्या घालू का? ती हसली... आणि आपण हसलो, याचंच तिला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच बाकावर. त्यानंतरही रोज. तिनं काही त्याला उठवलं नाही. हळूहळू बोलणं वाढलं. आई गेल्यापासून घरात भांडं वाजलं तरी ते आपल्याच हातून, असं तो एकदा सांगून गेला. तिनंही कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं – ताई रोज फोनवर "जेवलीस का" विचारते, आणि ही ओट्यापाशी उभ्याउभ्याच दोन घास खाऊन "हो" म्हणते. एकदा पावसाची भुरभुर आली, तेव्हा त्यानं छत्री कॅमेऱ्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिला. त्याच्या कपाळावरून ओघळणाऱ्या थेंबांकडे ती बघत राहिली, आणि शटर उघडंच राहिलं.

मग काम संपलं. फोटो पाठवून झाले आणि घर खायला उठलं. बागेत जायला आता निमित्त नव्हतं, आणि निमित्ताशिवाय जायचा धीर होत नव्हता.

अशात कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. बाग सुरेख आलीय, पण प्रत्येक फोटोत बाकावर हा एकच माणूस कसा?

"कोण लागतात हे तुमचे?"

रिकाम्या बाकाचे फोटोही तिच्याकडे होते. निवडताना तेच तिनं बाजूला सारले होते.

"विचारून सांगते," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

ती तडक बागेत गेली. तो बसला होता, डबा मांडीवर, बंद. आज गळ्यात कॅमेरा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं तिला कळेना.

"साहेब विचारतायत... तुम्ही माझे कोण लागता. काय सांगू?"

त्यानं डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं. झालं, तिला वाटलं, आपणच आपलं हसं करून घेतलं. आता ही बागही गेली.

"सध्या कोणी नाही, असं सांगा," तो म्हणाला.

तिनं मान खाली घातली.

"पण त्यातलं 'सध्या' गाळू नका." बाकावर सरकून त्यानं तिला जागा करून दिली. "तुम्ही यायच्या थांबलात, तेव्हापासून हा डबा रोज भरलेलाच घरी जातोय."