खुर्चीमागे तीन फूट

वेगळं जेवणघर हवं म्हणून जे कोणी माझ्याकडे येतात त्यांना मी आधी एकच विचारते, घरात जेवणारी तोंडं किती? लोक झुंबराचे फोटो दाखवतात, भिंतीला कुठला रंग म्हणून माझं डोकं खातात, आठ खुर्च्यांचं टेबल मागतात आणि खोली निघते दहा बाय दहा. नाकापेक्षा मोती जड. माझं गणित सोपं आहे. माणशी दोन फूट रुंदी, आणि टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत तीन फूट, म्हणजे खुर्ची मागे ओढून उठता येतं आणि मागून जाणाऱ्याला पोट आत घ्यावं लागत नाही. दिवा टेबलापासून अडीच फूट वर, पिवळ्या उजेडाचा. बाकी सगळी हौस.

एकतीस वर्षं मी लोकांच्या घरांतली ही कामं करते. माझी एक पद्धत आहे, तिला आमचा सुतार मिस्त्री हसतो. लाकूड कापायच्या आधी मी खोलीत खाकी कागद अंथरते. टेबलाच्या मापाचा एक, आणि माणशी एक, दोन बाय तीन फुटांचा. प्रत्येकावर जाड पेन्सिलीनं लिहायचं, हा कोणाचा. मग घरच्यांना आपापल्या कागदावर बसवायचं. कोण कोणाशेजारी, कोणाला खिडकी, कोणाची पाठ दाराकडे, ही सगळी भांडणं कागदावर होऊन जातात. लाकूड कापल्यावर झाली की ती माझ्या उरावर बसतात.

हे घर पाच माणसांचं होतं. नवरा, बायको, सोळा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी, आणि नवऱ्याची आत्या. आत्यांचं वय शहात्तर. नवऱ्याला मी मनातल्या मनात भाचेसाहेब म्हणायची आणि बायकोला सूनबाई. मुलीला घरात सगळेच चिमणी म्हणत. जेवणघर करायचं होतं ते आत्यांच्या खोलीचं. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, आणि लांबीच्या टोकाला खिडकी. आत्यांचा पलंग जाणार होता मागच्या अडगळीच्या खोलीत. तिथे खिडकी नव्हती. म्हटलं, वा रे न्याय. पण घर माझं नव्हतं.

पहिल्या दिवशी मापं घेताना टेपचं दुसरं टोक आत्यांनीच धरलं. हात थरथरत होता, पण टोक बरोबर भिंतीला टेकवलेलं. बोलता बोलता त्यांनी सगळं सांगितलं. भाचा सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून यांनीच त्याला वाढवलं. त्याचं लग्न झालं, घडीचं टेबल आलं. ते चौघांचं. मुलं झाली तसं ते भरलं. तेव्हापासून आत्या सगळ्यांचं आटोपल्यावर स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टुलावर बसून जेवायच्या. तक्रारीचा सूर नव्हता. पावसात छत्री विसरल्याचं सांगावं तसं सांगत होत्या.

मग टेप सोडून त्या म्हणाल्या, "खोली मी आपणहून दिली बरं का. म्हटलं, घ्या, फक्त त्यात माझी एक खुर्ची असू दे. सगळ्यांबरोबर बसून जेवीन म्हणते. तू धरशील ना?"

मी म्हटलं, "धरली, आत्या."

घरी येऊन कागदावर मांडलं. एका टोकाला दीड फुटाचं बुटकं कपाट, त्याच्यापुढे अडीच फूट मोकळं, पाच फुटांचं टेबल, आणि खिडकीकडच्या टोकाला एक खुर्ची, तिच्यामागे तीन फूट. बेरीज बारा. दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन माणसं. टोकाची खुर्ची आत्यांची, पाठीला खिडकी. इतकं चपखल बसलं की मी स्वतःवरच खूश झाले.

सामान हलवल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी आणि मिस्त्रीनं कागद अंथरले. टेबल बसलं. बाबा, आई, दादा, चिमणी, चौघांचे कागद बसले. आत्यांचा कागद टाकला तर त्याची कड खिडकीखालच्या भिंतीवर चार बोटं चढली.

मी मिस्त्रीला झापलं. कागद आडवातिडवा कापलास म्हणून. त्यानं आत्यांचा कागद चिमणीच्या कागदावर ठेवून दाखवला. काठोकाठ. टेप लावली, खोली बारा फूट. टेबल सरकवलं, कपाट सरकवलं, पुन्हा मांडलं. चार बोटं.

तिसऱ्या दिवशी वीतभर.

मग मात्र मी गवंड्याला बोलावलं. त्यानं ओळंबा सोडला, गुण्या लावला, चारी कोपरे तपासले. भिंती सरळ, जमीन सपाट. पैसे घेऊन तो निघून गेला आणि जाताना माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच वयाची लाज वाटली. मी म्हटलं, ठीक आहे, जागा बदलू. टोकाला मुलाचा कागद टाकला. सपाट बसला. आत्यांचा लांब बाजूला घेतला, तिथे तर अर्धा फूट शिल्लक होतं. आत्यांचा कागद त्या भिंतीवर चढला. समोरच्या बाजूला टाकला, समोरच्या भिंतीवर चढला. शेवटी मी एक कोरा कागद टोकाला अंथरला. बसला. गुडघे टेकून त्याच्यावर 'आत्या' असं लिहिलं. माझ्या हाताखालून कागद सरकला आणि कड भिंतीला लागून वर आली.

मिस्त्री हसायचा थांबला होता. म्हणाला, खोलीच्या मनात नाही, मॅडम. मी म्हटलं, खोलीला मन असतं तर सूनबाईंनी निवडलेल्या रंगाला तिनं आधी नकार दिला असता. पण त्या दिवशी मी अंधार पडायच्या आत निघाले. खोटं कशाला सांगू.

भाचेसाहेबांना मी खिडकीची, गच्चीकडची भिंत फूटभर बाहेर घ्या असं सुचवलं. कारण सांगितलं ते अर्धंच, पाचवी खुर्ची बसत नाही एवढं. ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, नाही बसत तर नाही बसत. सूनबाईंनी गोड आवाजात समजावलं, की आत्यांना तसंही चारचौघांत अवघडल्यासारखं होतं, घास नीट जात नाही, त्यांना ओट्यापाशीच बरं वाटतं. चिमणी म्हणाली, आत्याआजी जेवताना आवाज करते. त्यावर सगळे हसले, आणि अडगळीच्या खोलीतली खोकल्याची उबळ मध्येच थांबली.

मी भांडायला हवं होतं. माझी जीभ काही कोणाला घाबरणारी नाही, माझ्या सासूला विचारा. पण पुढचं काम तोंडावर होतं, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत आणखी एक दिवस कागद अंथरायची माझी छाती नव्हती. मी मूग गिळले. आत्यांचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि कचऱ्याच्या पोत्यात टाकला.

तेव्हा खोलीतून एक आवाज आला. पोटभर जेवलेला माणूस खुर्चीत मागे रेलतो, तेव्हा लाकूड करकरतं तसा. त्या वेळी खोलीत एकही खुर्ची नव्हती.

मिस्त्रीनं चार खुर्च्या केल्या. आत्यांना सांगायचं काम भाचेसाहेबांचं, असं मी स्वतःला बजावलं. ते सांगणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं.

पहिलं जेवण एका रविवारी दुपारी झालं. काम पुरं झालं की मी फोटो काढून ठेवते, म्हणून गेले होते. कपाटाला पाठ लावून उभी होते. खोली सुरेख झाली होती, माझं मलाच म्हणायला हरकत नाही. फिकट हिरव्या भिंती, खिडकीतून ऊन, ताटांवर दिव्याचा पिवळा उजेड. चौघं बसली. एका बाजूला भाचेसाहेब आणि मुलगा, समोर सूनबाई आणि चिमणी.

आत्या दारात आल्या. इस्त्रीचे कपडे, केस चापून बसवलेले. त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली, परत फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्यात डोळा घातला.

त्या गेल्या आणि स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आल्या. म्हणाल्या, "मी स्टुलावर बसते. मला चालतं."

भाताचं भांडं इकडून तिकडे गेलं.

खिडकीकडचं टोक रिकामं होतं. तिथे जायला सूनबाई आणि चिमणीच्या मागून जावं लागणार होतं. टेबलापासून भिंतीपर्यंत साडेतीन फूट जागा होती. मी स्वतः मोजली होती. बसलेल्यांच्या मागून माणूस सहज चालत जाईल एवढी.

आत्या सरळ आत शिरल्या. दोन पावलांवर त्यांना अंग तिरकं करावं लागलं.

त्यांनी स्टूल छातीशी धरलं. पाठ भिंतीला लागली. अजून एक पाऊल टाकलं, तसं स्टूल त्यांच्या फासळ्यांत रुतलं.

"जरा पुढे सरका ना," त्या म्हणाल्या.

"सरकलोय की," सूनबाई म्हणाल्या. त्यांनी मागे पाहिलं नाही.

चिमणीनं घास घेतला. आत्यांचा श्वास मला इथवर ऐकू येत होता, आखूड आखूड.

"बाळा, यांना जरा सरकायला सांग रे."

भाचेसाहेबांनी मीठ मागितलं.

मुलानं मिठाची वाटी पुढे केली. आत्यांचा एक हात चिमणीच्या खुर्चीच्या पाठीवर आला. बोटं घट्ट आवळली. पांढरी झाली. मी पुढे व्हायला हवं होतं. कपाटापासून चार पावलं.

मी नाही गेले.

बोटं सुटली.

टेबलापासून भिंतीपर्यंत तेच साडेतीन फूट होते. नवा रंग, ऊन, आणि कोणी नाही. स्टूलही नाही. भिंतीवर ओरखडा नव्हता.

"भात छान मोकळा झालाय," भाचेसाहेब म्हणाले.

मी अडगळीच्या खोलीत धावले. पलंगावरची चादर ताणून बसवलेली होती. सगळ्या घरात शोधलं, जिना उतरून रस्त्यावर गेले. परत आले तेव्हा चौघं हात धूत होती. सूनबाई म्हणाल्या, गेल्या असतील कुठेतरी, म्हातारं माणूस. पुढे पोलिसांत तक्रार झाली, ती मीच केली. मी पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं दोनदा पेन थांबवलं. त्यांनी येऊन खोली मोजली. बारा बाय दहा, बरोबर भरली. मला पाणी प्यायला दिलं आणि घरी पाठवलं.

त्यानंतर मी जेवणघराची कामं घेतली नाहीत. अन्न गोड लागेना. रोज ताटावर बसलं की ती पांढरी बोटं दिसायची, आणि मीठ मागितल्याचं ऐकू यायचं.

दोन महिन्यांनी सूनबाईंचा फोन आला. खोलीत जरा अडचण होतेय, म्हणाल्या, तुम्ही येऊन एकदा कागद अंथरून बघा, तुम्हाला ते चांगलं जमतं. मी फोन ठेवणारच होते. पण विचारलं, कोणाला अडचण होतेय?

मग गेले.

दुपारची जेवणं चालू होती. चिमणीची खुर्ची टेबलात पार घुसली होती. टेबलाची कड तिच्या पोटात रुतली होती, कोपरं अंगाशी दाबलेली, हनुवटी ताटावर. ती भरभर गिळत होती. तिच्याशेजारी तिची आई आरामात बसली होती. मी टेप काढली. सूनबाईंच्या बाजूला टेबलापासून भिंतीपर्यंत साडेतीन फूट. एक हात सरकून चिमणीच्या बाजूला मोजलं. पावणेदोन फूट. भिंत तीच, सरळ. मी हात फिरवून पाहिलं. गुळगुळीत, आणि किंचित कोमट.

या वेळी मी गप्प बसले नाही. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता सगळे उठा, टेबल फोडून काढा, खोलीला कुलूप लावा, आणि पोरीला घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवा. तुम्हाला दिसत नाही का, हिला श्वास घेता येत नाहीये. आत्यांचं काय झालं ते तुमच्या डोळ्यांदेखत झालं. मी त्या माणसाचा दंड धरून हलवला.

भाचेसाहेबांनी माझा हात सावकाश बाजूला केला. म्हणाले, "एवढी छान खोली झालीय, मॅडम. तिघांची मांडणी करून दाखवा ना."

मुलानं आपली खुर्ची दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

चिमणीनं मागे भिंतीकडे पाहिलं. मग आईकडे, मग बाबांकडे. खूप वेळ पाहत राहिली. कोणी काही बोलेना, तेव्हा तिनं खुर्चीवरून अंग खाली सोडलं, टेबलाखालून रांगत दारापाशी निघाली, उभी राहिली, आणि हात लांबवून आपलं ताट मागितलं.

"मी ओट्यापाशी जेवीन," ती म्हणाली. "मला तिथेच बरं वाटतं."

"बघा, किती समजूतदार आहे माझी पोर," सूनबाई म्हणाल्या, आणि आपली खुर्ची मधोमध ओढून ऐसपैस बसल्या.